एकीचं धड, दुसरीचं तोंड

गॅरेजवाल्याला सगळे सूतभर म्हणायचे. कुठलाही पार्ट हातात घेतला की तो एक डोळा बारीक करायचा आणि सांगायचा, "सूतभर कमी आहे," नाहीतर, "सूतभर जास्त आहे." मोजून पाहिलं तर खरंच तेवढाच फरक निघायचा. तीस वर्षांत त्याची नजर फारशी चुकली नव्हती. पण हे लोखंडापुरतं. माणसं त्याला कधी मापात सापडली नाहीत, आणि त्याची थोरली बहीण तर नाहीच नाही.

ताई नर्स होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण घरोघरी जाणं तिनं सोडलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेली, जखमा न भरणारी, दवाखान्यापर्यंत पोचू न शकणारी पाच-सहा माणसं तिच्या यादीत कायम असत. एक गेलं की दुसरं येई. त्यांच्याकडे ती जायची ते मोटरसायकलवरून. एका सिलिंडरची, वजनाला म्हशीसारखी ती गाडी तिनं नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतली होती, म्हणजे लग्नाच्याही आधी. दाजी म्हणायचे, "हिच्या घरात सवत मीच आहे. मोठी ती, मी धाकटा." दाजी शाळेत ग्रंथपाल होते. आयुष्यभर दुसऱ्यांना "हळू बोला" सांगून सांगून त्यांचा स्वतःचा आवाजही खाली गेला होता. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत. बायकोच्या मागे बसून त्यांचा संसार झाला.

गाडी इमानी होती, पण तिचा पुढचा ब्रेक म्हणजे सरकारी काम. दाबला की गाडी आधी विचार करायची, मग कुणाला तरी विचारून यायची, आणि थांबायचंच ठरलं तर थांबायची. सूतभरनं लायनर बदलले, ड्रम लेथवर साफ करून आणला, केबल नवी टाकली. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? "ताई, जपून चालव," एवढंच तो दर वेळी म्हणायचा, आणि ताई "हो हो" म्हणून किक मारायची.

मग पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर रिकाम्या बाटल्यांची हातगाडी आडवी आली. ताईनं ब्रेक दाबला, गाडीनं विचार केला, आणि तेवढ्या वेळात हातगाडी चुकवून ताई कंपाउंडच्या भिंतीवर गेली. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. हातगाडीवाला बाटल्या सोडून धावला, तर ही जमिनीवर पडल्या पडल्या त्याला सांगतेय, "मला उचलू नकोस, आधी त्या काचा बाजूला कर, कुणाच्या तरी पायात जातील."

चौथ्या दिवशी हात गळ्यात बांधून ती गॅरेजमध्ये हजर झाली. वाकलेली गाडी भिंतीला टेकवून ठेवली होती.

"पुढचे शॉकप वाकलेत," सूतभर म्हणाला.

"दिसतंय मला."

"या गाडीचे आता कुठे मिळत नाहीत. जुनेच प्रेसवर सरळ करावे लागतील."

"जुने नको. दुसऱ्या गाडीचे लाव. आणि नव्या गाड्यांना पुढे ती भोकाभोकांची ताटली असते ना, तो ब्रेक लाव."

"अगं, ते उशीला अभ्रा घालण्याइतकं सोपं नाहीये."

"सोपं असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते? मीच केलं असतं."

सहा आठवड्यांत हात सुटेल, तोवर गाडी तयार पाहिजे, असं सांगून ती निघून गेली.

भंगारवाल्याकडे त्याला हवं ते चटकन मिळालं, तिथेच खरं तर त्याला संशय यायला हवा होता. वेगळ्याच कंपनीची, अलीकडची गाडी. मागून ट्रकनं चेपलेली, पण तोंड शाबूत. दोन जाड, चकचकीत शॉकप, त्यांना धरून ठेवणारी खालची टी, वरची प्लेट, चाक, डिस्क, सगळं एकगठ्ठा. सूतभरनं एक डोळा बारीक केला आणि मनाशी म्हणाला, चार दिवसांचं काम.

पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला कळलं, की टीचा दांडा आखूड आहे. हा दांडा गाडीच्या मानेतून वर जातो, वर नटानं आवळला जातो, आणि त्याच्यावरच हँडल फिरतं. जुन्या गाडीची मान लांब. दांडा वर येऊन नटाला भेटायच्या आधीच संपत होता. आठ मिलिमीटर. धड एकीचं, तोंड दुसरीचं, आणि मधे मान जुळत नाही.

नवा दांडा लेथवर करून घेणं आलं. लेथवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. त्याला सगळे परवा म्हणायचे, कारण त्याच्याकडे दुसरा वारच नव्हता. सूतभरनं कागदावर चित्र काढलं, सगळी मापं लिहिली, नमुन्याला तोच आखूड दांडा दिला.

"कधी देतोस?"

"परवा."

अशा चार परवांनंतर, नवव्या दिवशी दांडा तयार झाला. काम देखणं. आटे असे की बोटानं नट फिरावा. सूतभरनं तो कौतुकानं हातात घेतला, डोळा बारीक केला आणि त्याचा चेहराच उतरला. नमुन्याचा दांडा शेजारी उभा केला. दोन्ही एका उंचीचे. जुळी भावंडं.

"हे काय केलंस?"

"कागदावर होतं तेच. एकशे एक्याऐंशी."

"एकशे एकोणनव्वद लिहिलंय मी!"

परवानं कागद उजेडात धरला. "हा नऊ आहे? माझ्या मते एक आहे. गाठ मारायची विसरलास."

"अरे, आखूड पडतो म्हणून तर तुझ्याकडे आलो! ज्याच्यासाठी रडलो तेच परत माझ्या हातात देतोस? नऊ दिवस लावून?"

"अक्षर सुधार," परवा शांतपणे म्हणाला. "बाकी दांडा झकास झालाय. दुसरा पाहिजे तर परवा ये."

त्याच दिवशी दुपारी दाजी गॅरेजमध्ये आले. स्टुलावर बसले, चष्मा पुसला, परत घातला. इकडे कुणी नाही हे बघून आणखीच हळू आवाजात म्हणाले, "काम कसं चाललंय?"

"चाललं नाहीये, दाजी. अडलंय."

"अडलंय ना? मग झालं तर. तिला सांग ना, जमत नाही म्हणून."

सूतभरनं पाना खाली ठेवला. "खोटं सांगू?"

"खोटं कुठे? सध्या जमतच नाहीये ना? फक्त 'सध्या' गाळ." दाजींनी त्याच्याकडे न बघता पुढे म्हटलं, "त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी चप्पल न घालता निघालो. रस्ता ओलांडल्यावर कळलं. ती बासष्ट वर्षांची आहे रे. आता पुरे."

 परवानं डोकं आधीच फिरवलेलं, अंगातला उत्साह गेलेला, आणि वर दाजींचं ते तोंड. सूतभर "बघतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा त्यानं टायरकडे बघत सांगून टाकलं, "ताई, नाही जमत. मान जुळत नाही. सोडून देऊ."

ताई बाकाजवळ गेली. बाकावरचे दोन्ही दांडे पाहिले, कागद पाहिला. मग म्हणाली, "हे आले होते का इकडे?"

"कोण?"

"तुझा कान लाल झालाय. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही हाच झाला होता." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "बरं. जमत नाही ना? मग ते जुने शॉकप सरळ करून बसव. जुन्याच ब्रेकवर चालवते. चाळीस वर्षं चालवली, आणखी चालवीन."

"ताई, अगं पण..."

"हात सुटला की नेते," एवढं बोलून ती गेली.

सूतभर तसाच उठून दाजींकडे गेला. दारातच सुरुवात केली. "झालं समाधान? आता ती बिनब्रेकची गाडी मागतेय! ब्रेक असो नसो, ती जाणारच. ही घालमेल तुमच्या-माझ्यात. तिच्या डोक्यात असलं काही नाहीच. मला खोटं बोलायला लावलंत, वर तिच्यासमोर उघडं पाडलंत, आणि गाडी होती तिथेच!"

दाजी चष्मा काढून पुसायला लागले.

"तुम्ही तिला अडवून दाखवा," सूतभर म्हणाला, "उद्या गॅरेज बंद करतो."

दाजींनी अडवलं नाही. त्या आठवड्यात ताई रिक्षानं तिच्या माणसांकडे जात होती, आणि एका हातानं पट्टी बांधणं होत नाही म्हणून दाजींना बरोबर नेत होती. पिशवी धरायला. कुठल्याशा जिन्याच्या वरच्या खोलीत एक म्हातारी होती, शिवणकाम करून पोट भरलेली, पायाला सहा महिन्यांची जखम. ताईच्या अपघातानंतर चौदा दिवस तिच्याकडे कुणी गेलं नव्हतं. म्हातारीनं पाय पाटावर ठेवून खुर्ची खिडकीशी ओढून घेतली होती, आणि सकाळी आठपासून ती तशीच बसायची, कारण ताईची वेळ आठची. रोज. जुनी पट्टी सोडली तेव्हा दाजींना खिडकीबाहेर बघावं लागलं. हे सगळं सूतभरला नंतर कळलं, तेही ताईकडून.  शनिवारी दाजी गॅरेजमध्ये आले, बाकावरचा कागद उचलला आणि पेनानं त्या नवाला अशी ठसठशीत गाठ मारली की आंधळ्यालाही वाचता यावा.

"हा घेऊन मी त्याच्या दुकानात बसतो," ते म्हणाले. "तो दांडा देईपर्यंत उठणार नाही."

आणि खरंच बसले. मांडीवर पुस्तक घेऊन, एक शब्द न बोलता, दोन दिवस. परवाच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं काम परवाच्या आत झालं. "तो माणूस भांडला असता तर बरं झालं असतं," त्यानं सूतभरकडे तक्रार केली. "नुसता पानं उलटतो. मशीनचा आवाज जास्त झाला की वर बघतो."

दांडा बसला. मानेत नवीन बेअरिंगं बसली. हँडल लोण्यासारखं फिरलं आणि टाकीवर जाऊन आपटलं. नवे शॉकप जाड, त्यात हँडल जिथे अडायला हवं तिथे अडवणारे कान टीला वेगळ्याच जागी. टाकीला पोचा आला. सूतभरनं कपाळावर हात मारून घेतला, कान कापले, नवे वेल्ड केले. आता टाकी वाचली, पण गाडी वळायला अख्खा रस्ता मागू लागली. मग कळलं की चाक एक नंबर लहान असल्यानं गाडीचं नाक तीन बोटं खाली गेलंय. उभी केली की कुणीतरी हरवलेली वस्तू शोधतंय असं वाटायचं. शॉकपच्या डोक्यावर तुकडे जोडून नाक वर आणलं. नाक वर आलं तर हेडलाइट आभाळात बघायला लागला. स्पीडोमीटरची केबल जोडायला नव्या चाकात जागाच नव्हती.

"वेग कळणार नाही हं तुला," तो म्हणाला.

"कळतो मला," ताई म्हणाली. रोज सकाळी येऊन ती स्टुलावर बसायची. हात गळ्यातून सुटला होता, पण अजून जपावा लागत होता. "तू एक नीट केलंस की दुसरं बिघडतं. औषधाचं पण असंच असतं. थांब जरा, चहा घे."

"चहा नको. मला या गाडीला एकदा विहिरीत ढकलायचंय."

सगळ्यात कहर ब्रेकनं केला. भंगारातल्या गाडीचं कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चावणारा तो जबडा, गंजून गच्च बसला होता. सूतभरनं तिसऱ्याच कंपनीचं आणलं. भोकं जुळली. त्याला आनंद झाला, आणि एव्हाना त्याला स्वतःच्या आनंदाची भीती वाटायला लागली होती. नळी जोडली, ऑइल भरलं. आता नळीतली हवा काढायची. एकानं हँडलवरचा ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं कॅलिपरवरचं बारकं बोंडूक सैल करून हवा सोडायची आणि परत आवळायचं. दाबायला दाजी.

"दाबा. धरून ठेवा. सोडा. दाबा."

शंभर वेळा झालं. ब्रेकची दांडी ओल्या स्पंजसारखी, थेट हँडलला जाऊन टेकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर. तिसऱ्या दिवशी दाजींच्या बोटांना पेटके आले. सूतभरनं नळी बदलली, वॉशर बदलले, सगळं उघडून पुन्हा जोडलं. स्पंज तो स्पंजच. शेवटी त्यानं पाना जमिनीवर आपटला.

"तीस वर्षं! तीस वर्षं हेच करतोय मी! लोक दुसऱ्या गावाहून येतात माझ्याकडे! आणि ही, ही तीन बापांची गाडी मला..."

"ते बोंडूक खाली का आहे?" ताईनं विचारलं.

"काय?"

"हवा सोडायचं बोंडूक. कॅलिपरच्या खालच्या अंगाला आहे."

"ताई, तू मधे बोलू नकोस. भोकं तशीच जुळतात, म्हणून ते उलटं बसलंय. त्यानं काय होतंय?"

 ताईनं पिशवीतून सिरिंज काढली, पाण्याच्या बाटलीतून थोडं पाणी ओढलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर सुई खाली करून धरली. पाण्यात एक बुडबुडा वर जाऊन चिकटला. तिनं दट्ट्या ढकलला. पाणी गेलं, बुडबुडा तिथेच. मग सिरिंज उलटी केली, सुई वर. बुडबुडा डुलत डुलत सुईच्या तोंडाशी आला. टिचकी मारली, दट्ट्या ढकलला, बुडबुडा गायब.

 दाजींनी खोकल्यासारखं केलं.

सूतभरनं कॅलिपर सोडवलं, त्याच्या जबड्यात फळीचा तुकडा दिला, बोंडूक वर येईल असं तारेनं टांगलं. "दाबा," तो दाजींना म्हणाला. आठव्या दाबाला बुडबुड्यांची माळच बाहेर पडली. बाराव्याला दांडी दगडासारखी घट्ट झाली. कॅलिपर परत जागेवर बसवताना त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. तीन दिवस, चार बाटल्या ऑइल, आणि चुकीचं काय होतं हे सांगितलं कुणी, तर जिला पान्याचे नंबर येत नाहीत तिनं.

"हे तू पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशीही तू हेच म्हणालास, ताई मधे बोलू नकोस."

डॉक्टरांनी दहाव्या आठवड्यात परवानगी दिली. सूतभरनं आधी स्वतः गाडी काढली. सपाट रस्त्यावर, हळू, मग जोरात. ब्रेक बोटाच्या इशाऱ्यावर लागत होता. मग तो पाण्याच्या टाकीखालच्या उताराच्या तळाशी जाऊन उभा राहिला. ताईनंच ती जागा ठरवली होती. "जिथे पडले तिथेच बघायचं," ती म्हणाली. आणि दाजी म्हणाले, "मी मागे बसतो."

"दाजी, आज नको. एकटी जाऊ द्या तिला."

"चौतीस वर्षं मीच बसतोय," दाजी म्हणाले, आणि बसले.

वरून गाडी निघाली तेव्हा सूतभरनं एक डोळा बारीक केला. टी, दांडा, बेअरिंग, कान, तुकडे, एकेक वेल्ड त्याला डोळ्यांपुढे दिसायला लागला. उतारावर गाडीनं वेग घेतला. भिंतीजवळ, जिथे प्लास्टर अजून उडालेलं होतं, तिथे ताईनं ब्रेक दाबला. गाडीनं या वेळी विचार केला नाही. नाक खाली घातलं आणि जागच्या जागी उभी राहिली, सरळ, रेघेत. दाजी मात्र थांबले नाहीत. त्यांचं तोंड ताईच्या हेल्मेटवर आदळलं, चष्मा तिच्या खांद्यावरून उडून रस्त्यावर पडला आणि त्याची एक काच खळ्ळकन फुटली.

सूतभर धापा टाकत पोचला. "लागलं का? दाजी, लागलं?"

दाजी नाक चोळत होते. ताई हँडल घट्ट धरून समोर बघत होती. एकदा तिनं खालची ती डिस्क पाहिली, मग भिंत पाहिली.  ती म्हणाली, "लागला."

"कुठे? दाखव."

"ब्रेक रे. लागला."

मग तिनं घड्याळ पाहिलं आणि एकदम तिची घाई सुरू झाली. "उतरा हो, पटकन. पावणेआठ झालेत. म्हातारी खिडकीशी बसली असेल." दाजी उतरले न उतरले तोच गाडी वळवायला लागली. अर्ध्यात अडली, रस्ता पुरेना. तिनं पाय टेकवून दोनदा मागेपुढे केली, भावाकडे एक कडक नजर टाकली आणि निघून गेली. दोघांना घरी कोण नेणार, हा विचार तिला शिवलाच नाही.

दाजी रस्त्यावर वाकून चष्मा शोधत होते, तेही भलत्याच दिशेला. सूतभरनं तो उचलून त्यांच्या हातात दिला.

"गेली?" दाजींनी विचारलं.

"गेली. आभार मानणं तर सोडाच, वळताना मलाच डोळे वटारले."

"वळायला जागा जास्त लागते म्हणून?"

"अहो, टाकी वाचवायची का रस्ता? दोन्ही नाही मिळत! सांगितलं होतं मी!"

"तिला सांग. मला काय सांगतोस?" दाजींनी एकाच काचेतून उताराकडे पाहिलं. चढ त्यांना नीट दिसत नव्हता, म्हणून त्यांनी मेहुण्याचा हात धरला. सूतभर वैतागून बडबडतच होता, कानांबद्दल, परवाबद्दल, तिसऱ्या कंपनीच्या त्या कॅलिपरबद्दल. दाजी खड्डा आला की त्याचा हात जरा जास्त घट्ट धरत होते, आणि दोघं पाण्याच्या टाकीच्या बाजूनं हळूहळू वर चढत होते.